मादीच आहे ना, बाई?

लग्नाच्या वाढदिवसाला फायटर माशांची जोडी भेट देणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे. संसाराचं इतकं खरं चित्र दुसऱ्या कुठल्याच भेटवस्तूत मिळत नाही. काचेचा गोल बाउल, तळाला रंगीत खडे, त्यात एक निळा नर, एक लाल मादी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांपैकी एकाची शेपटी गायब.

असे एक गृहस्थ तो बाउल छातीशी धरून दुकानात परत आले. आदल्या दिवशी मी त्यांना तीनदा सांगितलं होतं की हे दोघं एका भांड्यात राहत नाहीत.

"मैडम, इनमें से एक बदल दीजिए."

"कौन सा?"

"वाइफ बोल रही हैं, मेल बदल दो."

मी बाउलमध्ये वाकून पाहिलं. शेपटी नराचीच गेली होती. "मार तो इसी ने खाई है," मी म्हटलं.

"हाँ," ते म्हणाले, "पर कुछ तो किया होगा इसने."

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात एका कोचिंग क्लासच्या खाली आमचं दुकान आहे. वरच्या मजल्यांवर मुलं इंजिनिअर होत असतात, खाली मी मासे विकते. सहा वर्षं झाली. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम पाहणाऱ्या एका काकूंनी मला 'तुझ्या क्षेत्रातले अनुभव लिही' असा निरोप धाडला, तेव्हा त्यांना मी बँकेत आहे असं वाटत होतं. आईने त्यांना तसं सांगितलं नव्हतं. तिने फक्त त्यांचा गैरसमज दूर करण्याची घाई केली नव्हती. तेव्हा बँकेतले अनुभव वाचायला बसलेल्यांनी इथेच पान उलटावं.

माझं क्षेत्र फार लहान आहे. चहाच्या ग्लासाएवढ्या बरणीत एक मासा असतो आणि तो नर आहे की मादी हे मला सांगायचं असतं. फायटर, म्हणजे पुस्तकातला बेट्टा. जोडी लावायची असेल तर ही गोष्ट आधी कळलेली बरी. कारण दोन नर एकत्र सोडले तर ते पिल्लं घालत नाहीत, एकमेकांना फाडतात.

ओळखायचं कसं, ते सांगते. नराचे पंख लांब, लग्नातल्या शालूसारखे लोळणारे, मादीचे आखूड. नर चिडला की कल्ल्यांखालून एक पडदा बाहेर काढतो, त्याला आम्ही दाढी म्हणतो. मादीलाही असते, पण नावापुरती. मादीच्या पोटाखाली, पुढच्या बारीक पंखांच्या मागे, मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका असतो. तिथून अंडी येतात. आणि मासा फिक्या रंगाचा असेल तर मागून टॉर्च मारावा. मादीच्या पोटात पिवळसर त्रिकोण दिसतो. ती तिची ओव्हरी. हा शब्द मी गिऱ्हाइकासमोर खणखणीत उच्चारू शकते. इंग्रजी शाळेत घातल्याचा हा एक फायदा आईवडिलांना अजून माहीत नाही: लाजायचे सगळे शब्द मला इंग्रजीतच शिकवले गेले, त्यामुळे त्यांची लाज वाटायची राहूनच गेली.

लाज गिऱ्हाइकांना वाटते. नर-मादी मुलीला कसं विचारायचं, म्हणून ते छताकडे पाहत विचारतात, "भैया नहीं हैं क्या?" भैया म्हणजे आमचे मालक, रईसभाई. ते जुन्या भोपाळचे, गप्पांमध्ये कोणाला हार जाणारे नव्हेत, पण नर-मादी ओळखण्यात त्यांचा हिशोब सोपा आहे: रंगीत तो नर, उरलेली मादी. गिऱ्हाईक त्यांच्याकडे गेलं की ते तिथूनच ओरडतात, "बेटा, ज़रा बता दो इनको." मी सांगते. गिऱ्हाईक माझं ऐकून रईसभाईंकडे पाहतं. रईसभाई मान हलवतात. मग ते खरं ठरतं.

सहा वर्षं रोज दहा वेळा असं झालं की माणसाच्या आत एक दार तयार होतं. कोणी शंका घेतली की ते आपोआप लागतं. मी मुळातच कमी बोलते. लोकांना तो माज वाटतो आणि मी तो समज दूर करत नाही. हा गुण आईकडून आला असावा. पण एक गोष्ट खरी होती. सहा वर्षांत माझी एकही जोडी चुकली नव्हती, आणि हे मी कोणाला सांगत नसले तरी रोज मनात मोजत होते.

पांढरीपांडे काका दुकानात येऊ लागले तेव्हा मला ते आवडले, कारण त्यांनी भैया कुठे आहेत असं विचारलं नाही. त्यांनी खिशातून भिंग काढलं. लांबच्या अयोध्या नगरातून यायचे. मोठ्या कारखान्यात टर्बाइनच्या विभागात नोकरी करून निवृत्त झालेले, मूळ नागपूरचे. निवृत्तीनंतर लोक योगासनं शिकतात, काकांनी फायटर पाळले. एकाच रंगाची ओळ, म्हणजे वंश, त्यांनी सात पिढ्या चालवली होती: अंग पोलादी निळं आणि पंखांना मोहरीचा पिवळा. कोलकात्याच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडेही मी तो रंग तसा स्वच्छ पाहिलेला नाही. त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्यांच्याकडचा हीटर बिघडला आणि एका थंडीत सगळी टाकी गेली. उरला एक नर. अडीच वर्षांचा. फायटरच्या हिशोबाने अडीच वर्षं म्हणजे गुडघे धरून उठायचं वय.

"मादी कुठलीही चालेल बाई," काका म्हणाले होते, "रंग मी दोन पिढ्यांत परत आणतो. पण हा म्हातारा गेला तर मग काय आणणार? थंडीच्या आधी एकदा जोडी लागली पाहिजे."

कोलकात्याहून नवा माल आला तेव्हा मी त्यांना फोन केला. एक मादी होती. गडद निळी, जवळजवळ काळी, आखूड पंखांची, पोटाखाली ठिपका. आरसा दाखवला तरी ती चिडली नव्हती. शांत, सोज्वळ. मी तिची बरणी बाजूला काढून ठेवली होती.

काकांनी बरणी खिडकीशी नेली. भिंग लावलं. बरणी हळूहळू गोल फिरवली. मग म्हणाले, "मादीच आहे ना, बाई?"

"हो."

"नाही, कल्ल्याखाली काळी किनार दिसून राहिली म्हणून विचारलं. दाढी तर नाही ना?"

"मादीलाही थोडी असते."

"हो, ते असते. आणि ठिपका?"

"आहे ना. बघा."

"आहे. पण लहान नरालाही कधी कधी असतो म्हणतात. टॉर्च मारून पाहते का एकदा?"

"काका, गडद माशात टॉर्चने काही दिसत नाही."

हे खरं होतं. आणि त्याच्यापुढचं वाक्यही मला माहीत होतं. काही दिसत नसेल तर बरणी पंधरा दिवस बाजूला ठेवायची. आखूड पंखांची एक जातच असते, तिच्यातले नरही आखूड पंखांचे. तरुणपणी ते मादीसारखे दिसतात, प्रवासाने दबलेले असले तर वागतातही मादीसारखे. पंधरा दिवस खाऊपिऊ घातलं की दाढी बोलते. धंद्यातला हा पहिला धडा आहे. वरच्या मजल्यावरच्या एखाद्या मुलाने लोणच्याच्या बरणीत ठेवायला मासा मागितला असता तर मी त्याला हे सगळं समजावलं असतं. पण मी ऐकलं ते एवढंच: शंका. आणि दार लागलं.

"तुम्हाला खात्री नसेल तर रईसभाईंना विचारा," मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. भिंग खिशात ठेवलं. "नाही बाई," ते म्हणाले, "तू म्हणते तर मादीच असेल."

चार दिवसांनी ते परत आले. रईसभाई पंपाची जाळी साफ करत होते. काका काउंटरशी उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, तुझी मादी घरटं करून राहिली."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फायटरचा नर पाण्यावर फुग्यांचं घरटं करतो. अंडी तोच गोळा करतो, तोंडाने उचलून फुग्यांत ठेवतो, पिल्लं पोहू लागेपर्यंत राखण करतो. बायका माहेरी गेल्यावर आमच्याकडचे नर जेवढं करतात, त्याहून हे बरंच जास्त आहे.

आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, "मादीही कधी कधी फुगे करते, काका."

हेही खरं आहे. कधी कधी करते. खऱ्या वाक्यांच्या आड लपून बसण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

काका भांडले नाहीत. त्यांनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. दोघांना ओळख व्हावी म्हणून त्यांनी रीतसर कंदिलाच्या काचेत ती 'मादी' ठेवून काच म्हाताऱ्याच्या टबात उभी केली होती. म्हाताऱ्याने जमेल तसं घरटं बांधलं. दुसऱ्या दिवशी काच उचलली, म्हातारा पंख फुलवून जवळ गेला, आणि समोरच्याने दाढी बाहेर काढली. काकांनी हात घालून सोडवेपर्यंत निम्मी शेपटी गेली होती, एका बाजूची खवलं उडाली होती. फोटोत तो तळाशी आडवा पडला होता आणि मोहरीच्या पिवळ्या पंखाच्या चिंध्या झाल्या होत्या.

"दाढीवाली दुल्हन!" रईसभाई जाळी टाकून हसले. "वाह बेटा! बुज़ुर्ग के साथ ऐसा मज़ाक?" मग त्यांनी फोटो पाहिला आणि हसू आवरलं. "दूसरी दे दो इनको. अच्छी वाली."

काका म्हणाले, "दुसरी आत्ता काय करू? हा वाचतो का ते पाहतो," आणि गेले.

मला रागावलेलं गिऱ्हाईक सांभाळता येतं. त्यांच्यासाठी माझा चेहरा तयार असतो. न रागावलेल्या माणसासाठी काहीच तयार नव्हतं. सहा वर्षांत शेकडो लोकांनी मी मुलगी आहे म्हणून शंका घेतली, त्या सगळ्यांना मी दर वेळी खरी ठरून पुरून उरले. एका माणसाने माशाकडे पाहून शंका घेतली, आणि त्याला मी त्या शेकडोंच्या रांगेत उभं केलं.

रविवारी स्कूटीवरून अयोध्या नगरला गेले. माफीचं वाक्य वाटेत मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत तयार केलं. इंग्रजीतलं सगळ्यात सोपं होतं, म्हणून ते आधी रद्द केलं. पांढरीपांडे काकूंनी दार उघडलं. मी म्हटलं, "मीठ आहे का? खडं? आयोडीन नसलेलं."

ही माझी माफी. माझ्यासारख्या मुलींना पोटातलं बोलायला शिकवणारा क्लास भोपाळमध्ये अजून निघालेला नाही. बाकी सगळे निघाले.

मागच्या व्हरांड्यात टब मांडलेले, प्रत्येकावर ड्रॉइंगच्या अक्षरात चिठ्ठी. म्हातारा जिवंत होता. आम्ही जंगली बदामाची वाळलेली पानं पाण्यात टाकली. त्याने पाणी चहासारखं होतं आणि जखमा सडत नाहीत. चिमटीभर मीठ, रोज थोडं पाणी बदलणं, टब गरम ठेवणं. काका तापमान लिहीत होते. मी फारसं काही बोलत नव्हते, तेही बोलत नव्हते, आणि दोघांची सोय होत होती.

बोलायचं काम काकूंनी घेतलं होतं. पोह्यांवर तर्री ओतता ओतता म्हणाल्या, "मला पाहायला आले होते ना हे, तेव्हा चहाच्या कपातून डोकं वर काढलं नव्हतं. घरी जाऊन विचारलं म्हणे, मुलगी गोरी होती का सावळी? आणि इथे माशिणीला भिंग लावून राहिले."

"तेव्हा भिंग नव्हतं," काका म्हणाले.

"अक्कल तरी कुठे होती!"

पाच रविवार गेले. शेपटीच्या कडेला नवा, काचेसारखा पारदर्शक पंख फुटू लागला. म्हातारा पृष्ठभागावर येऊन किडे खाऊ लागला. बाहेर सकाळी गारवा जाणवायला लागला होता. आता थांबणं शक्य नव्हतं.

सहाव्या रविवारी मी तीन मासे घेऊन गेले. तिन्ही मुद्दाम फिक्या रंगाचे. काकांनी बरण्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू म्हणशील ती सोडतो," ते म्हणाले.

त्यांनी मला चार शब्द ऐकवले असते तर परवडलं असतं. मी टॉर्च त्यांच्या हातात दिला. "आधी तुम्ही पाहा. मला सांगू नका. कागदावर लिहा. मग मी पाहते."

काका थोडे हसले. कारखान्यात मोजमाप असंच दोघांनी वेगवेगळं घ्यायचं असतं, म्हणाले. त्यांनी लिहिलं, मी लिहिलं. काकूंनी कागद उघडून वाचले. पहिली: दोघांचं 'मादी, पण पोट रिकामं'. दुसरी: दोघांचं 'मादी, त्रिकोण स्पष्ट'. तिसऱ्या बरणीला काकांनी 'मादी' लिहिलं होतं. मी पेन टेकवून नुसतीच बसले होते. कागद कोरा होता.

"हिचं काय?" काकूंनी विचारलं.

"सांगता येत नाही," मी म्हटलं. मोठ्याने. व्हरांड्यात. काही कोसळलं नाही.

दुसरी काचेत ठेवली. संध्याकाळपर्यंत तिच्या अंगावर उभे पट्टे उमटले, म्हणजे ती तयार होती. म्हाताऱ्याचं घरटं मात्र पाहण्यासारखं नव्हतं. एका कोपऱ्यात मूठभर फुगे, तेही विरळ. पहिल्या खेपेची अंडी त्याने खाल्ली. सगळी. काका फोनवर म्हणाले, "खाल्ली बाई." आणखी एक खेप तो काढील असं आम्हाला कोणालाच वाटत नव्हतं. बारा दिवसांनी त्याने काढली. खालून पडणारं एकेक अंडं तोंडात धरून वर नेऊन ठेवताना त्याला मध्ये मध्ये पानावर टेकून थांबावं लागत होतं. आम्ही मादी बाहेर काढली आणि त्याच्याकडे पाहायचंही बंद केलं, न जाणो मनात काही आलं तर. दोन दिवसांनी फुग्यांखाली बारीक शेपट्या लोंबत होत्या. पापणीच्या केसाएवढ्या.

सतरा जगली. म्हातारा त्यांना पोहताना सोडून आपल्या टबात परत गेला आणि कडाक्याची थंडी पडायच्या आत वारला. काकांनी फोनवर तेवढंच सांगितलं, आणि मग पिल्लांचं तापमान सांगितलं.

तिसरा महिना भरला तेव्हा काका सतरा बरण्या दुधाच्या जाळीच्या क्रेटमध्ये घालून, वर शाल पांघरून, दुकानात घेऊन आले. नर-मादी लावून द्यायचे होते. शनिवार होता, दुकानात गर्दी होती. नऊ नर सहज निघाले; एकाच्या पंखाला तो मोहरीचा पिवळा आत्ताच दिसत होता. पाच माद्या. उरल्या तीन बरण्या. ठिपका होता आणि नव्हता. दाढी होती आणि नव्हती. काकांना माद्या हव्या होत्या, हे मला माहीत होतं. पाचांवर ओळ चालवणं जोखमीचं आहे, आठ असत्या तर ते निवांत झोपले असते. मी टॉर्च मारला, बरणी फिरवली, पुन्हा मारला.

"ह्या तिघांचं आत्ता सांगता येत नाही, काका. तीन आठवड्यांनी आणा."

शेजारी एक गृहस्थ बाउल घेऊन उभे होते. ते रईसभाईंना म्हणाले, मला ऐकू जाईल इतक्याच हळू, "भैया, मैडम को तो खुद ही नहीं पता."

माझं दार लागायच्या बेतात होतं. पण काका आधी बोलले. क्रेटवर शाल नीट करत, हिंदीत, अगदी कामाच्या आवाजात.

"हाँ, नहीं पता. और जब नहीं पता होता तो बता देती हैं. इसी के लिए अयोध्या नगर से आता हूँ. आप भी लाइन में लग जाइए."